हंड्याचं बूड कोणी पायलं

टीव्हीत सांगितलं का रूस देश तुटला. तवापासून आमच्या गावच्या चावडीवर माणसायले दुसरी गोष्टच नाई. एक म्हणते अमेरिकेनं फोडला. एक म्हणते दारूनं बुडवला. पाटलाचा पोट्टा कॉलेजात जाते, तो म्हणते, माणूस मुळातच लालची हाय, वाटून खाणं त्याले जमतच नाई. मी ओसरीत तुरी पाखडून राहिली होती. बाकीचं मी सोडून देल्लं, पण ते शेवटचं मले खपलं नाई.

वाटून खाणं जमते. मी खाल्लं हाय. आन् ते कसं मोडते तेबी माह्या डोळ्यानं पायलं हाय, भिलाईले, कारखान्याचं बांधकाम चालू होतं तेव्हा. तिथं रूसी लोक होते. त्यायच्यातली एक बाई माह्या बाजूले, जमिनीवर, बसली होती.

मी दुसरीच्या पुढं शिकली नाई. राज्य कसं चालवतात ते मले कळत नाई, पण हंडा कळते. तुमी कोणी तेव्हाची भिलाई पायली नाई. आता गेले तर सेक्टर दिसतीन, सरळ रस्ते, दोन्हीकडून झाडं, शाळा सुटल्यावर पोरायच्या सायकली. ते सगळं मागून झालं. मी गेली तेव्हा तिथं नुसते खड्डे होते.

वर्ध्याहून निघालो

माहा मालक आदल्या वर्षी तापानं गेला होता. घरी सासू, मी, आन् माही नणंद भागू. भागूले दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, म्हणून ते आली होती. पण त्या साली जवारी हातची गेली. मडकं रिकामं, रोजी कोणाच्या वावरात नाई. भागूचा नवरा किसन भिलाईले मजूर होता. त्यानं गावच्या एका माणसाजवळ सांगावा धाडला का इकडं या, बायायलेबी काम हाय, आन् अथं सगळ्यायचा एकच हंडा हाय, कोणी उपाशी झोपत नाई.

सासू रातभर जागीच होती. सकाळी मले म्हणे, "एक माणूस या घरातून गेलं. आता हे दोन जीव तुह्या संग देतो. भरल्या अंगानं परत आण."

मी हो म्हटलं. मंग माहं ध्यान त्याच्यावरच होतं, गेल्यापासून येईपर्यंत.

सामान म्हणजे दोन लुगडी, तिखटाची पुडी, आन् डाळ भरडायचं लहान जातं. भागू म्हणे, "वैनी, लोक सोनं घेऊन पळतात, तू गोटा कायले घेतं?" मी म्हटलं, सोनं असतं तर गोटा नेला नसता. नवीन मुलखात चक्की असते का नसते कोणाले माहीत.

नागपूरले गाडी बदलली. पसिंजरमध्ये पाय ठेवाले जागा नोती. गोंदियाच्या पुढं गाडीनं झटका देल्ला आन् बाकाखालचं जातं घरंगळलं ते थेट एका पंजाबी मिस्तरीच्या अंगठ्यावर. माणूस ताडासारखा उंच. त्यानं पयले त्याच्या भाषेत जे म्हणायचं ते म्हटलं. मंग पोतं उघडून पायलं आन् म्हणे, "माई, वहाँ लोहा बन रहा है, और तू पत्थर ले जा रही है?" भागू पदर तोंडात घालून हासली. माह्या मालकाच्या मौतीनंतर तिले पहिल्यांदा हासताना पायलं.

डोंगरगडचे डोंगर आले, मंग रान, तेंदूची झाडं, पळसाचे खुंट. आपल्याकडची काळी माती कुठं संपली ते समजलंच नाई. तिकडची माती लाल, मुरमाड. धानाचे बांध, प्रत्येक गावाले तलाव. पाणी पाहून मले वाटलं, एवढं पाणी असलेल्या मुलखात माणूस उपाशी कसं राहीन.

पावर हाउस

भिलाईच्या पावर हाउस टेसनात उतरलो. तोच मिस्तरी लंगडत आला आन् जातं खांद्यावर टाकून आमच्या पुढं चालू लागला. म्हणे, मेरा ही दुश्मन है, मैं ही उठाऊँगा.

बाजार त्या वक्ताले म्हणजे पोत्याच्या सावलीतली दुकानं. त्या गर्दीत मी पहिल्यांदा रूसी पायले. उन्हानं भाजून त्यायचं नाक वांग्याच्या भरतासारखं सोललेलं. डोक्यावर गवताच्या टोप्या. त्यायच्या बाया बिनाबाह्याच्या झग्यात, हातात जाळीची थैली, काकड्या घेऊन राहिल्या होत्या. माळीण त्यायच्याशी बोटानं आन् हिंदीनं भांडे, आन् त्या तिच्याशी तशाच भांडत. आपल्याकडं साहेबाची बाई भाजीवालीसंग उभी राहून भांडन काय? मले ते आवडलं.

पुढं कारखान्याची जागा. नजर जाईल तिथवर धरती उपसलेली. क्रेना उभ्या, जसे तळ्यात बगळे. धूळ एवढी का माणूस बाजूनं गेला तर आवाजावरून ओळखा. हजारो बाया घमेलं डोक्यावर घेऊन फळ्यायवरून चढत होत्या, तेलगू बाया, उडिया बाया, छत्तीसगढी बाया हातात कथलाचे कडे घालून. ठेकेदाराच्या मुकादमानं मलेबी दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं. भागूले तिचे दिवस पाहून सोपं काम भेटलं, गिट्टीतला कचरा येचायचं.

मास्तरचा हंडा

किसन राहे त्या मजुरायच्या कॅम्पात टिनाच्या छपराखाली एक लंबा ओटा होता, त्याच्यावर मोठा चुल्हा, चुल्ह्यावर हंडा. हंडा एवढा का त्याच्यात माणूस बसून आंघोळ करीन. ते रांधणघर दामोदर मास्तरनं बसवलं होतं. मास्तर अमरावतीकडचा, पयले शाळेत शिकवे, मंग लाल झेंड्यात गेला. अंगात एकच सदरा, तो सोताच धुये. सगळ्या मजुरायचा वाट्याचा तांदूळ एकठा करायचा, बायायनं पाळीपाळीनं रांधायचं, कोणाची जात इचारायची नाई, सगळ्यायले सारखं वाढायचं. अशी त्याची गोष्ट.

आता हे तुमाले साधं वाटन. आमाले नोतं. आम्ही धर्म बदलून थोडेच दिवस झाले होते, पण गावातली विहीर काही बदलली नोती. तिथं आमाले अजूनबी वरून पाणी ओतत. आन् इथं पहिल्याच दिवशी एका तेल्याच्या सुनेनं माह्या हातचा गिलास घेतला आन् पिऊन टाकला, माह्याकडं पायलंबी नाई, जसं काई झालंच नाई. त्या हंड्यासाठी मी जीव देल्ला असता. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं आयकून कोणी म्हणू नये का मीच मोडला.

भात, पातळ डाळ, कधी भाजी. भाकरीची आठवण आली का मी झोपून जाये. तिकडची एक चीज मात्र मी शिकली. रातचा भात पाण्यात घालून ठेवतात आन् सकाळी मीठ-कांदा लावून खातात, त्याले बासी म्हणतात. आपण शिळं म्हटलं का नाक मुरडतो. तिकडं पाव्हण्यालेबी देतात. उन्हात घमेलं उचलायचं असन तर त्याच्यासारखं थंड काई नाई. हे मले बिसाहिननं शिकवलं. बिसाहिन तिथल्याच एका गावची, तिचं वावर कारखान्यात गेलं होतं. म्हणे, जिथं तुमी गिट्टी टाकता ना, तिथं माहा धान होता.

पंगत अशी बसे: पयले माणसं, मंग पोरं, मंग बाया. कोणी ठरवलं नोतं. साऱ्या मुलखातून आलेले लोक, बोली वेगळी, देव वेगळे, पण या एका गोष्टीत सगळे सारखे. मास्तर पहिल्या पंगतीत बसे. दुसऱ्यापेक्षा एक शीत जास्त घेत नसे, हे मी कोणत्याबी देवापुढं सांगीन.

बायायची पंगत उठली का मास्तर ओट्यापाशी येऊन इचारे, "बायांनो, पुरलं का?"

आम्ही म्हणू, "पुरलं, मास्तर."

आपल्या घरी तुमी काय म्हणता? लग्नात रांधणाऱ्या बाया शेवटी बसतात. हंड्यात खरवड उरली असते. घरधनी इचारते, झालं का तुमचं जेवण? बाई पदरानं तोंड पुसते आन् म्हणते, झालं जी, लय झालं. नाई पुरलं म्हणणारी बाई घराची इज्जत काढते. आईनं शिकवलं, तिच्या आईनं तिले शिकवलं. आमच्यापैकी एकीच्याबी मनात खोटं नोतं. आम्ही चांगल्या बाया होतो, म्हणून म्हणत होतो.

मास्तरले वाटे, पुरते. कॅम्पात असे अजून रांधणघरं होते आन् सगळ्यायचा तांदूळ एकाच कोठीतून निघे. मास्तर कोठीवर जाऊन सांगे, आमच्याकडं पुरून उरते. मंग नवीन आलेल्या मजुराच्या रांधणघराले आमच्यातलं पोतं जाये. त्यायलेबी पोट होतं, त्याचं काई नाई. पण आमचा भात पातळ होत गेला. पयले पेज वाढली, मंग पंगतीच्या शेवटी फक्त पेज राहिली. तरी आम्ही म्हणू, पुरलं. मंग कोठीवाल्यायनं आमच्या छपरावर लाल कापड लावलं, सगळ्यात चांगलं रांधणघर म्हणून. त्या दिवसापासून तर तोंड उघडायची सोयच राहिली नाई. झेंड्याखाली बसून कोण म्हणन का मी उपाशी हाय?

बिसाहिनचं बोलणं

भागू बाळंत झाली. पोरगी. कॅम्पातच, बिसाहिनच्या हातानं, दुपारी. पोरगी नाकीडोळी छान, पण आठवड्याभरात तिचं रडणं बारीक झालं. लेकरू जोरानं रडते तवा भेव नसते. बारीक रडते तवा असते. भागूच्या छातीले दूध नोतं.

मी मेथ्या पायल्या, खोबरं पायलं, कोणाकडून तरी गूळ आणला. बिसाहिन दारात उभी राहून पाहून राहिली होती. म्हणे, "दूध कहाँ ले आही दीदी, पेट म त दाना नइ हे." दूध कुठून येईन, पोटात दाणाच नाई. मंग म्हणे, तुमी मराठी लोक हंडा धुऊन पालथा घालता, म्हणून तुमाले समजत नाई. आमच्याकडं सकाळी बासी उरली नाई तर त्या घरात भूक शिरली असं समजतात. या छपराखाली किती दिवसापासून बासी नाई, आठव.

मी आठवून पायलं. मले शेवटची बासी आठवली नाई.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरकडं गेली. म्हटलं, मास्तर, भात कमी पडून राहिला. मास्तरनं एकदम माह्याकडं पायलं. त्याले राग नोता आला, दुखलं होतं. म्हणे, "पण वहिनी, काल तर तुम्हीच म्हणालात पुरलं." मी म्हटलं, म्हणाली. ते खरं नोतं. तो म्हणे, भागूबाईचं समजतं मला, तिच्यासाठी वाटीभर वेगळं काढून ठेवत जा. मी म्हटलं, वेगळं नोको. वेगळंच करायचं होतं तर हा हंडा कायले? सगळ्याच बाया उपाशी हायेत. तो म्हणे, मग बाकीच्या का बोलत नाहीत? तुमच्या एकटीच्या सांगण्यावर मी कोठीत काय तोंड दाखवू?

त्याचंबी बरोबर होतं. त्या सांजेले पंगत उठल्यावर त्यानं साऱ्या बायायले उभं केलं आन् एकेकीले नाव घेऊन इचारलं. तेल्याच्या सुनेनं सांगितलं, पुरलं. तेलगू बायायनं मान हालवली. बिसाहिन जमिनीकडं पाहत तिच्या बोलीत म्हणे, पुरिस. शेवटी भागूची पाळी आली. मांडीवर ते पोरगी, वाळलेली छाती तोंडात धरून. किसन समोर उभा. भागूनं पदर सावरला आन् म्हणे, "पुरलं जी, मास्तर. लय झालं."

मी तिले मारलं असतं त्या वक्ती. पण मारून काय करता. मी तिच्या जागी असती तर मीबी तेच म्हटलं असतं.

पावने

मंग कळलं का रूसी साहेब रांधणघर पाहाले येणार. आठवडाभर कोठीत एक पोतं आमच्या नावानं बाजूले राखून ठेवलं होतं, ते आलं. वांगे आले, तूप आलं. ओटा सारवला. त्या दिवशी हंडा काठोकाठ.

साहेब लोक माणसायच्या पंगतीत बसले. त्यायच्यात एक बाई होती, वेरा नावाची, ते सोता इंजिनिअर होती. पायात बूट, बुटाले सिमिट लागलेलं, हात आमच्यासारखे फाटलेले. ते बायायच्या कोपऱ्यात आली आन् माह्या बाजूले बसकण मारली. बाजारातली मोडकी हिंदी तिले येत होती. इचारलं, काल क्या खाया? बाया म्हणाल्या, भात, डाळ, पेट भर के. ते हासली नाई. भागूचं मनगट तिनं दोन बोटात धरलं, जसा वैद धरते, मंग लेकराचा पाय धरला. लेकराच्या पायाची कातडी सैल होती.

मंग तिनं माह्याकडं पायलं आन् हळू म्हणे, "हमारा गाँव. मैं छोटा. गाँव का सब अनाज एक जगह. साहब आया, पूछा, कितना? सब बोला, बहुत, बहुत. डर था. झंडा मिला. फिर गाड़ी आया, सब ले गया." मंग म्हणे, "मेरा भाई था." तिनं हात जमिनीपासून वर धरून दाखवला, इतका उंच. मंग तोच हात हळूहळू खाली आणला आन् जमिनीवर सपाट ठेवला.

मी इचारलं, "किसीने बताया क्यों नहीं?"

ते म्हणे, "तुम क्यों नहीं बताया?"

तेवढ्यात तिकडून त्यायच्यातल्या कोणी तिले हाक मारली. तिनं मागं वळून पायलं का कोणी आयकलं तर नाई. मंग उठली, झगा झटकला, आन् साऱ्या छपराले आयकू जाईन अशा आवाजात म्हणे, "अच्छा खाना, बहुत अच्छा खाना."

तेव्हा मले समजलं का बाई शिकलेली असो, इंजिनिअर असो, तिचा हंडा आन् माहा हंडा एकच होता. तिचा फक्त देशाएवढा होता.

उलटी पंगत

दोन दिवसानं रांधायची पाळी माही आन् बिसाहिनची होती. नेहमीचाच तांदूळ, नेहमीचाच हंडा. आम्ही काई कमी केलं नाई, काई लपवलं नाई. सुट्टीचा दिवस होता, दुपारचं जेवण. माणसं हातपाय धुऊन येऊन राहिले होते. मी ओट्यावर उभी राहिली आन् म्हटलं, आज बाया पयले बसतीन.

माणसायले मजा वाटली. किसन म्हणे, "काऊन वो वैनी, आज बायाचं राज आलं काय?" दुसरा म्हणे, आज बायको मले वाढाले सांगन. असं चाललं. त्यायले वाटलं घडीभराचा खेळ हाय. बायायलेच बसवणं कठीण गेलं. कोणी म्हणे माहे मालक अजून जेवले नाई, कोणी म्हणे पाप लागते. तेल्याची सून तर दोनदा उठून चुल्ह्याकडं गेली. बिसाहिननं एकेकीचा खांदा दाबून तिले खाली बसवलं.

मी वाढत गेली. माणसायले वाढतो तसं, खाली हंड्यात कलथा घालून, वरून पेज नाई. बायायले पोटभर कसं जेवायचं तेच आठवेना. थोडं खाऊन हात आखडता घेत. मी म्हणू, अजून. भागूनं तिसऱ्यांदा भात घेतला. तिच्या डोळ्यातून पाणी चाललं होतं आन् ते जेवत होती, दोन्ही चालू.

मंग माणसं बसले. अर्धी पंगत वाढून झाली आन् कलथा हंड्याच्या बुडाले लागला. तो आवाज मले अजून आयकू येते. बाकीच्यायच्या ताटात मी पेज घातली. किसननं ताटात पायलं, मंग हंड्यात येऊन पायलं. म्हणे, भात कुठं गेला?

मी म्हटलं, "कुठं नाई गेला, भाऊ. रोज एवढाच असते. तुमी रोज वरून पायला, आज बुडातून पायला."

आता कोणी हासत नोतं. मास्तर पंगतीत शेवटी बसला होता त्या दिवशी, त्याच्याबी ताटात पेज होती. मी म्हटलं, "इचारा ना मास्तर. रोज इचारता तसं."

त्यानं ताटातली पेज बोटानं ढवळली. मंग खाली पाहत, नेहमीच्या निम्म्या आवाजात म्हणे, "पुरलं का?"

किसन म्हणे, "नाई पुरलं."

त्या छपराखाली ते गोष्ट पहिल्यांदा कोणी तोंडानं बोललं होतं, आन् आकाश काई पडलं नाई.

मले वाटलं, आता सुधरन. आता मास्तर कोठीत जाईन, सांगन, आमचं चुकलं, आमाले कमी पडते. तो गेला. सांजेले परत आला तेव्हा त्याचं तोंड दुसऱ्याचं होतं. म्हणे, आपण इतके दिवस पुरतं म्हणून सांगितलं, त्याच्यावर पुढचा सगळा हिशोब बसला आहे. आता नाही म्हणालो तर सगळंच खोटं ठरतं, झेंडाही जातो, बाकीची रांधणघरंही बोलायला लागतील. पंगत पूर्वीसारखी बसेल. आणि वहिनी, तुमची रांधायची पाळी बंद. तो ओरडला नाई. त्याले ते बोलताना लाज वाटत होती, ते दिसे. पण बोलला.

त्याच्यानंतर हंडा काई कोणी लाथ मारून पाडला नाई. लोकायनं आपआपल्या वाट्याचा तांदूळ मांगून घेणं सुरू केलं. पयले दोन घरं गेले, मंग चार. तेलगू लोकायचा चुल्हा वेगळा पेटला, उडिया लोकायचा वेगळा. तेल्याची सून गेली तेव्हा जाताना माह्याकडं पाहू शकली नाई. तिच्या नवऱ्याच्या चुल्ह्यावर माह्या हातचं चालणार नोतं. ते मले सगळ्यात लागलं. भात तर कुठंबी शिजते.

एक दिवस छपराखाली मास्तर एकटाच बसला होता, हंड्यापाशी. सदरा तोच. मले म्हणे, "वहिनी, कुठे चुकलं? मी कधी एक घास जास्त खाल्ला नाही."

मी म्हटलं, "नाई खाल्ला, मास्तर. त्याची साक्ष मी देईन. पण तुमी पहिल्या पंगतीत बसले. आन् ज्या शेवटी बसत होत्या त्यायले इचारलं असं, का नाई म्हणाची सोयच राहिली नाई."

तो म्हणे, मी तर रोज विचारत होतो.

मी म्हटलं, त्याचंच दुःख हाय.

परत

आम्ही चौघींनी एक लहान चुल्हा लावला, मी, भागू, बिसाहिन आन् एक उडिया बाई. जात सगळ्यायची एक नोती. नेम एकच होता: रांधणारी पयले बसन, आन् कमी पडलं म्हणणारीले कोणी बोल लावणार नाई. पहिल्याच दिवशी उडिया बाईनं भांडण केलं का डाळीत मीठ नाई आन् भात कमी हाय. मले एवढं बरं वाटलं का काय सांगू. माहं जातं तेव्हा कामाले आलं. तांदूळ भरडून त्याचे चिले, म्हणजे तिकडचे धिरडे, करू, तव्यावर, चटणीसंग. पंजाबी मिस्तरी वासानं येऊन बसे आन् म्हणे, इस पत्थर का मुझ पर कर्ज़ा है, खाकर उतारूँगा.

सकाळी बासी उरू लागली. भागूले दूध आलं. पोरगी जोरानं रडाले लागली, एवढ्या जोरानं का शेजारचे शिव्या देत. पावसाच्या आधी आम्ही गावी परतलो. सासू फाट्यावर उभी होती. तिनं लेकरू हातात घेतलं, वजन पायलं, मंग भागूचा गाल चिमटीत धरून पायला. घरी गेल्यावर तिनं भाकर टाकली आन् पयले ताट माह्या पुढं ठेवलं.

ते वेरा बाई पुन्हा दिसली नाई. तिचा देश तुटला म्हणतात तर मले तिचा तो हात आठवला, वरून खाली येणारा. पाटलाच्या पोट्ट्याले मी चावडीवर जाऊन सांगितलं, माणूस लालची असते म्हणून नाई तुटला, बापा. लालची तर कुठं नसते? ज्या घरात पुरलं नाई असं म्हणता येत नाई ते घर तुटते, मंग हंडा केवढाबी असो. तो म्हणे, आजी, एवढं सोपं नसते ते. मी म्हटलं, सोपं असतं तर रूसी लोकायनं केलं नसतं काय.

आमच्या घरी आजबी रांधणारी पयले बसते. पावने लोक हासतात, त्यायले हासू द्या. नातवाचं लगन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नवीन सुनेनं रांधलं. मी तिले बसवलं, वाढलं, आन् जेवण होत आलं तेव्हा इचारलं, पुरलं का वो? पोरीनं पयले सासूकडं पायलं, मंग नवऱ्याकडं, मंग ताटाकडं.

मंग म्हणे, "नाई आजी, भाकर पायजे अजून एक."

मी उठली आन् वाढली.